चौऱ्याहत्तर नंबर

फोन वाजला तेव्हा लेन हुडाक सिंकपाशी उभा राहून टोस्ट खात होता. बायको, डोलोरेस, वारल्यापासून तो टेबलाशी बसत नसे. एकट्यासाठी खुर्ची ओढायची, मग परत आत सरकवायची, कशाला ते उपद्व्याप. फोनवर बाईचा आवाज होता, आणि क्षणभर त्याला वाटलं, दातांच्या दवाखान्यातून असेल. "लेन, मी नॅडीन. वेंडेलची नॅडीन." तेव्हा त्याने टोस्ट खाली ठेवला. वेंडेल टॅगर्टची बायको नाताळाला कार्ड पाठवायची, त्यावर दोन ओळी लिहायची. पण तिचा आवाज त्याने गेल्या दहा वर्षांत ऐकला नव्हता. वेंडेलचं डोकं चालेनासं झालंय, त्याला संस्थेत ठेवलंय, हे दोन ओळींतून कळलं होतं. आता तो गेला असणार, दुसरं काय. लेन 'अरेरे' म्हणायच्या तयारीत उभा राहिला.

"एक विचारू? खुळ्यासारखं वाटेल तुला."

"विचार ना."

"ती किक. वेस्टब्रूकच्या मॅचमधली, शेवटची. ती कुणी अडवली होती?"

लेनने नळ बंद केला. नळ चालूच नव्हता. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तुझं नाव आहे हे ठाऊक आहे मला, पेपरातलं कात्रण इतकी वर्षं आमच्या जिन्यात टांगलेलं होतं. पण वेंडेल महिनाभर म्हणतोय, मी अडवली. दुसरं काही बोलतच नाही रे. माझं नाव गेलंय त्याच्या डोक्यातून, स्वतःच्या मुलीला मावशी म्हणतो, पण हे मात्र पक्कं. डावं मनगट धरतो नि म्हणतो, इथे लागला चेंडू. नाही म्हटलं की आदळआपट. परवा ताट भिरकावलं. नर्स म्हणते, वाद घालू नका, हो म्हणा. आमची जोलीन म्हणते, खोट्याला हो म्हणत बसलो तर उरलंसुरलंही जाईल. मी आपली मधल्यामधे. म्हटलं, तुलाच विचारावं. खरं असेल तर त्याला हो म्हणेन, त्याचा जीव तरी शांत होईल. खोटं असेल तर जोलीनचं ऐकेन. तू होतास ना तिथे."

लेन होता तिथे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "पाऊस फार होता, नॅडीन. चिखल नुसता. कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं."

नॅडीन म्हणाली, "हं. म्हणजे आजारच तो. वाटलंच होतं मला. जाऊ दे. तू बरा आहेस ना? जेवतोस का वेळेवर?"

या प्रश्नाला मात्र त्याने चटकन हो म्हटलं.

फोन ठेवल्यावर त्याने उरलेला टोस्ट खाल्ला आणि खिडकीतून खालच्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी आली ती पाहत उभा राहिला. आपण खोटं बोललो नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. पाऊस खरंच फार होता. एकावन्न वर्षांपूर्वीचा तो नोव्हेंबर, लॉरेल रिज कॉलेज, सगळी मिळून नऊशे मुलं, आणि त्या साली त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमने आठच्या आठ मॅचेस जिंकलेल्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. नववी जिंकली की विजेतेपद. त्या हंगामाचं लेनला काय आठवतं म्हणाल, तर मॅचेस फारशा नाहीतच. आठवतो तो कपडे बदलायच्या खोलीतला मलमाचा उग्र वास, ओल्या कातड्याचा वास, पहाटे गोठलेल्या गवतावर बूट पडले की होणारा करकर आवाज, आणि कोच ब्रांट. ब्रांट हंगामभर कुणाला नावाने हाक मारत नसे. "नावं तुमच्या आयांनी ठेवलीत. माझ्याकडे नंबर," हे त्याचं पहिल्या दिवशीचं भाषण, आणि तेवढंच. 'चौऱ्याहत्तर, झोपलास का रे गाढवा!' 'अडुसष्ट, आजीबाई, जरा पळा!' ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत लेन चौऱ्याहत्तर होता आणि त्याच्या शेजारी रांगेत उभा राहणारा वेंडेल अडुसष्ट. जेवणाच्या टेबलावरसुद्धा. मीठ हवं असेल तर अडुसष्टकडे मागायचं. घरून पत्र आलं की पाकिटावरचं स्वतःचं नाव वाचून जरा चमत्कारिक वाटायचं, हे कोण लिओनार्ड म्हणून.

वेस्टब्रूकच्या दिवशी सकाळपासून धो धो. अर्ध्या वेळेला खोलीत आले तेव्हा माणसं कुठली आणि चिखल कुठला सांगता आलं नसतं. कपड्यांचं बघणारा म्हातारा गस एका पेटाऱ्यात कोरड्या जर्सी घेऊन उभा होता. दिवा एकच, त्यातही वाफ धरलेली. हात बधिर. गसने हातात दिली ती डोक्यातून घातली, आणि मैदानात पळता पळता लेनला गळ्याशी आवळायला लागलं. त्याने शेजारी पाहिलं. वेंडेल त्याच्याहून बराच किडकिडीत, आणि त्याच्या अंगावर चौऱ्याहत्तर नंबर घोळत होता. "अरे, हा माझा," लेन म्हणाला. "आणि तुझ्या अंगावर काय आहे?" म्हणत वेंडेल हसला. दोघं मागे वळले तर गस दारातून ओरडला, "कुणाचाही असेना! कोरडा आहे ना? पळा!" मग पळाले. बदलायला वेळ कुणाला होता.

अकरा सेकंद उरली होती. लॉरेल रिज दहा, वेस्टब्रूक नऊ. वेस्टब्रूकचा किक मारणारा पोरगा खांबांपासून वीस यार्डांवर उभा, म्हणजे आंधळ्यानेही मारावी अशी किक. दोन खांबांमधून चेंडू गेला की तीन गुण, खेळ खलास, हंगाम खलास. चेंडू मागे फेकला गेला, सगळे एकमेकांवर धडकले, आणि लेनला समोरच्या धटिंगणाने असं काही उचलून आपटलं की तो पाठीवर पडला आणि त्याला आभाळ दिसलं. राखी, अगदी जवळ आलेलं. पाऊस थेट डोळ्यांत. त्याने आवाज ऐकला, ओल्या उशीवर थाप मारावी तसा. मग गलका. मान वळवून पाहतो तर दोन हातांवर एक माणूस चिखलातून उठत होता, पाठीवर चौऱ्याहत्तर. आणि लेनच्या मनात आलं, शप्पथ सांगायचं तर अगदी असंच आलं, की अरे, उठलो का मी? स्वतःला त्याने उठताना पाहिलं. स्वतःला वेड्यासारखं गोल गोल पळताना पाहिलं, डावं मनगट उजव्या हातात धरून. वर भोंग्यातून आवाज येत होता, किक अडवली, चौऱ्याहत्तर, लिओनार्ड हुडाक! पडल्या पडल्या त्याने ते ऐकलं. इतकं बरं वाटलं त्याला.

खोलीत सगळ्यांनी जर्सी ओरबाडून काढल्या, त्यांचा ढीग गसच्या पेटाऱ्यात गेला. कोणी कोणता नंबर काढून टाकला ते पाहायला गस तरी शुद्धीवर होता का, तोही नाचत होता. तेवढ्यात टोपीवाला बातमीदार आत आला. "चौऱ्याहत्तर कोण?" आणि लेन म्हणाला, "मी." यात लबाडी नव्हती. तेरा आठवडे त्या नंबराला ओ देत आलेला माणूस, कुणी झोपेत हाक मारली असती तरी मी म्हणाला असता. लबाडी त्यानंतरची. बातमीदाराने वही उघडली, आणि लेनने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेल बाकावर बसून बर्फाच्या बादलीत मनगट बुडवून होता. त्याने लेनकडे पाहिलं आणि दात काढले. बस, एवढंच. मग बातमीदार विचारत गेला आणि लेन सांगत गेला. म्हटलं, आज सांगू, सोमवारी निस्तरू.

सोमवारी कोचने अंधाऱ्या खोलीत फिल्म लावली. कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी साचलेलं, त्यामुळे पडद्यावर नुसत्या राखी आकृत्या. ब्रांटच्या हातात बटण असे, ते दाबून तो माणसांना पुढे पळवी, मागे पळवी. एक राखी माणूस उठला, पडला, उठला, पडला. पाठीवरचा आकडा एकदाच नीट दिसला. "बघा," ब्रांट म्हणाला. "चौऱ्याहत्तर. शिका काहीतरी, बैलांनो." दिवे लागले आणि त्याने त्या मॅचचा चेंडू, वर पांढऱ्या रंगाने लिहिलेला, लेनच्या मांडीवर ठेवला. लॉरेल रिज १०, वेस्टब्रूक ९. खाली एल. हुडाक. ब्रांटने कुणाचंही नाव लिहिलेलं ते हंगामातलं पहिलंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेलला एका हाताला पट्टी होती, म्हणून त्याने मांडीवर थापा मारल्या.

जेवायला जाताना वाटेत लेन म्हणाला, "मी सांगतो कोचला."

"काय सांगतोस? तुमचं चुकलं म्हणून? चाळीस फेऱ्या मारायला लावेल तुला. आणि मलाही, तुझी जर्सी घातली म्हणून."

"पण वेंडेल, अरे, तू अडवलीस ती."

"मग? जिंकलो ना? आपल्या दोघांना ठाऊक आहे, झालं तर." मग थोडं पुढे जाऊन तो थांबला. "एक कर. ख्रिसमसपर्यंत तुझं पुडिंग माझं."

आणि खरोखरच ख्रिसमसपर्यंत लेन आपल्या ताटातली पुडिंगची वाटी न बोलता शेजारी सरकवत राहिला. ख्रिसमसनंतर त्याने ती सरकवली नाही आणि वेंडेलने मागितली नाही. त्याला वाटलं, फिटलं.

कुठलं फिटायला! क्लीव्हलंडला बॉयलर विकणाऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला तर साहेब लॉरेल रिजचाच, चाळीस सालचा. "किक अडवणारा हुडाक? बस बस, पोरा." छत्तीस वर्षं तो बॉयलर विकत फिरला, शाळांना, चर्चना, आणि सौदा अडला की साहेब त्याला पुढे करायचा, सांग रे त्यांना ते अकरा सेकंद. डोलोरेसलाही पहिल्या भेटीत त्याने तेच सांगितलं, दुसरं सांगण्यासारखं त्याच्याजवळ काय होतं? तिने टेबलावरून हात पुढे करून त्याचं मनगट धरलं होतं, इथे ना? म्हणून. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिला खरं सांगायचं त्याच्या मनात दोनदा आलं. एकदा तिच्या आईच्या अंत्यविधीहून परत येताना, गाडीत. आणि एकदा ती स्वतः शेवटच्या दुखण्यात पलंगावर पडली होती तेव्हा. तेव्हा ती म्हणाली होती, काहीतरी छानसं बोल रे. आणि त्याने तिला अकरा सेकंद सांगितली.

सांगून सांगून झालं होतं काय, की त्याला ते आठवायचं. थंडी पडली की डावं मनगट दुखायचं, खरं खरं. डोळे मिटले की चेंडू येताना दिसे, त्याची शिवण फिरताना दिसे. आणि आभाळ, ती डोळ्यांत पावसाची धार, हे मात्र वापरात नसलेल्या खोलीसारखं कधीतरीच उघडलं जायचं. कधीकधी त्याला स्वतःलाच शंका येई, आपण खरंच पडलो होतो की हे आभाळ दुसऱ्या कुठल्या मॅचमधलं? मग तो स्वतःला दम भरी. पडला होतास. पडलाच होतास तू.

नॅडीनच्या फोननंतर अकरा दिवस त्याने काही केलं नाही. रोज सकाळी आज फोन करू म्हणायचा, आणि मग ही वेळ जेवणाची, ही वेळ झोपेची असं करता करता संध्याकाळ व्हायची. भीती कसली होती? आता कोण विचारतं? साहेब मेला, ब्रांट मेला, डोलोरेस गेली, टीममधले निम्मे गेले. खरं सांगितलं तर कोण काय वाकडं करणार होतं? पण किक काढून घेतली की मागे काय उरतं ते तो मोजायला लागला, आणि बॉयलरच्या पुढे मोजणी जाईना. याचीच भीती होती. आणि दुसरीकडे वेंडेल. वेंडेलने निम्मं आयुष्य कुणाला चकार शब्द सांगितला नाही. बायकोलासुद्धा नाही! आपल्याच जिन्यात लेनच्या नावाचं कात्रण टांगलं, येताजाता पाहिलं, आणि गप्प. शुद्धीवर होता तोवर दिलेला शब्द पाळला बेट्याने. शुद्ध गेली तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं, तर ते आजारात जमा. लेनला स्वतःची लाज वाटली. सरळ सांगायचं तर शिसारी आली.

बाराव्या दिवशी तो केस कापायला गेला. न्हावी सॅल वीस वर्षांच्या ओळखीचा, खुर्चीत नवीन गिऱ्हाईक बसलेलं. "यांना ओळखता का?" सॅल गिऱ्हाइकाला म्हणाला. "साधीसुधी असामी नाही. लेन, सांगा हो ते अकरा सेकंद." आणि लेनने सुरुवात केली, पाऊस, चिखल, दहा-नऊ. वीस यार्ड. समोरचा धटिंगण. इथवर आला आणि थांबला. सॅलची कात्री थांबली. "हं, मग?"

"मग काही नाही. मी पडलो. पाठीवर. किक दुसऱ्याने अडवली."

सॅल खो खो हसला. "बघा! आता विनयाचं सोंग सुरू!" गिऱ्हाईकही हसलं. लेन केस न कापताच उठला. घरी येऊन त्याने फळीवरचा चेंडू काढला, शेजारच्या सीटवर ठेवला, आणि त्याला पट्टा बांधला. मग स्वतःलाच हसला, पण पट्टा सोडला नाही. अडीच तासांची वाट. ओहायओ संपून पेनसिल्व्हेनिया लागला तसे डोंगर दिसू लागले, आणि तो मोठ्याने म्हणून पाहत होता. वेंडेल, तू अडवलीस. नॅडीन, त्याने अडवली. म्हणायला काहीच अवघड नव्हतं. चार शब्द तर होते.

संस्थेची इमारत बुटकी, विटांची, आत सूपचा वास. नॅडीन दारातच भेटली, म्हातारी झाली होती, तोही झाला असणार. तिने त्याच्या काखेतला चेंडू पाहिला. "अय्या, हे बरं केलंस! मदतच होईल." खोलीत जोलीन होती, पन्नाशीची, शाळेत शिकवणारी. "लेनकाका! बाबा किती छान झालेत बघा. तुम्ही फोनवर काय म्हणालात ते कळल्यावर मी ते कात्रण इथे आणून लावलं. रोज सकाळी तीनदा वाचायचं. किक कुणी अडवली? लेन हुडाकने. पहिले चार दिवस आकांत केला, रडलेसुद्धा. मग बसलं डोक्यात. आता ताट फेकणं नाही, काही नाही." पलंगाच्या वर खरोखरच ते कात्रण होतं, काचेत. खिडकीशी खुर्चीत वेंडेल बसला होता, तपकिरी स्वेटर, केस पाणी लावून विंचरलेले. त्याने लेनकडे सभ्यपणे पाहिलं, बसमध्ये शेजारी कोणी येऊन बसला की पाहतात तसं.

"नॅडीन," लेन म्हणाला, "त्याने अडवली ती. जर्सी बदलल्या होत्या आमच्या. मी खाली पडलो होतो."

जोलीनने आईकडे पाहिलं. नॅडीन पलंगाच्या कडेवर बसली. "मग फोनवर का नाही सांगितलंस?"

"पाऊस होता म्हणालो."

"हो. तेवढंच म्हणालास." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "चार दिवस रडला रे तो."

लेन गुडघ्यावर बसला. गुडघा कडकडला. त्याने चेंडू वेंडेलच्या मांडीवर ठेवला. "वेंडेल, ऐक. किक तू अडवलीस. माझी जर्सी होती तुझ्या अंगावर. गसने दिलेली. तू अडवलीस ती."

वेंडेलने चेंडू हातात घेतला, लंबुळक्या पोटावर बोटं फिरवली, शिवण चाचपली. मग पांढरी अक्षरं वाचली, एकेक करून, ओठ हलवत. "नाही नाही," तो समजुतीने म्हणाला. "ही लेन हुडाकने अडवली. चौऱ्याहत्तर नंबर. मी होतो तिथे." आणि बरोबर आलं ना म्हणून त्याने जोलीनकडे पाहिलं. जोलीनने तोंडावर हात धरला होता.

"मीच लेन हुडाक," लेन म्हणाला.

"तू?" वेंडेलचा चेहरा उजळला. त्याने चेंडू परत लेनच्या हातात कोंबला आणि त्याचा हात धरून जोरजोरात हलवला. "शाब्बास रे! शाब्बास! काय काम केलंस!" हात सुटल्यावर त्याचा उजवा हात आपसूक डाव्या मनगटावर गेला आणि तिथे चोळत राहिला. "इथे दुखतं थंडीचं," तो खिडकीकडे पाहत म्हणाला. "कशाने कोण जाणे."

आपल्या दोघांना ठाऊक आहे, झालं तर. लेनला वाटलं, आता एकट्यालाच. नॅडीनला आता सांगितलंय खरं. पण तिने ते नुसतं ऐकलंय, तिला ठाऊक नाही.

बारा वाजता जेवणाची ताटं आली. पाहुण्यासाठीही एक आणलं होतं. बटाटे, मांसाचा तुकडा, उकडलेले वाटाणे, कडेला पुडिंगची वाटी. लेनने काही सुचेना म्हणून, जुन्या सवयीने म्हणा, आपली वाटी उचलून वेंडेलच्या ताटात ठेवली. वेंडेलने वाटीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी आठवायच्या बेतात आहे असं वाटलं. मग वेंडेलने ती वाटी परत लेनपुढे ठेवली. त्याच्याशेजारी आपलीही ठेवली.

"खा," तो म्हणाला. "तू जिंकून दिलंस आम्हाला."

लेनने नॅडीनकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिने नजर वळवली नाही. वेंडेल वाट पाहत होता. लेनने चमचा घेतला आणि एक वाटी संपवली, मग दुसरी.